भारतातली चेरी: झाडं आहेत, वेळ पुरत नाही

दादरला फळांचं दुकान चालवणाऱ्या एका तरुण व्यापाऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गेल्या काही वर्षांत मुंबईत चेरीची मागणी डोळ्यांदेखत वाढली आहे. मग भारतातलं उत्पादन पुढच्या पाच-दहा वर्षांत किती वाढेल? काश्मीरमधल्या ओळखीच्या बागायतदाराबरोबर बागेत पैसे घालावेत का? आणि आपल्याकडे महाबळेश्वरला चेरी लागेल का?

मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला, तेव्हापासून मी गाळ्यावर आहे. हापूस, सफरचंद आणि मधल्या दिवसांत चेरी, असा माझा धंदा. जे लिहितो ते हाताखालून गेलेल्या मालावरून आणि काश्मीरमधल्या शोपियान, गांदरबल आणि हिमाचलमधल्या कोटगढच्या फेऱ्यांमध्ये पाहिलेल्यावरून.

महाबळेश्वरचं आधी उरकतो, कारण दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. नाही, लागणार नाही. गोड चेरीच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी साधारण सातशे ते तेराशे तास लागते, जातीनुसार कमीजास्त. तेवढी थंडी पोटात गेल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. महाबळेश्वरची थंडी स्ट्रॉबेरीला पुरते, चेरीला नाही. आपल्याकडच्या नर्सरीत 'चेरी' म्हणून जे रोप देतात ते बहुधा बार्बाडोस चेरीचं किंवा सुरिनाम चेरीचं असतं. ती झाडं चांगली आहेत, अंगणात जरूर लावा, पण ती चेरी नव्हे. केकवर नि आइस्क्रीमवर जी लालभडक गोळी असते तीही बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं. मुंबईत दोन पिढ्या त्याच चवीला चेरी समजत वाढल्या. म्हणून खरं फळ पहिल्यांदा खाणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघायला मला अजून आवडतं.

आता मुद्द्याचं. देशातल्या चेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा जम्मू-काश्मीरचा, म्हणजे जवळपास सगळा खोऱ्याचा: गांदरबल, शोपियान, श्रीनगरचा आसपास, बारामुल्ल्याकडे तंगमर्ग. उरलेली हिमाचलमधून, मुख्यतः सिमला जिल्ह्यातल्या कोटगढ, नारकंडा, कोटखाई भागातून, थोडी उत्तराखंडातून. काश्मीरचं क्षेत्र साधारण २,८०० हेक्टर आणि चांगल्या वर्षी पीक १२ ते १४ हजार टन. गेली कित्येक वर्षं आकडा याच घरात वर-खाली होतोय. बर्फ, पाऊस, गारा यांच्या हिशेबाने एखादं वर्ष खाली जातं, एखादं सावरतं. चढती रेघ मात्र दिसत नाही.

याच्या शेजारी चिली ठेवून बघा. २०१४-१५च्या हंगामात चिलीची चेरी निर्यात एक लाख टनांच्या आसपास होती. २०२४-२५मध्ये ती सव्वासहा लाख टनांच्या घरात गेली. दहा वर्षांत सहा पट. आपलं अख्ख्या देशाचं पीक त्यांच्या निर्यातीच्या दोन-अडीच टक्के भरतं. हा फरक पाहिला की पहिला विचार येतो तो झाडांचा: आपण लावली नाहीत, त्यांनी लावली. हे खरं आहे, पण अर्धंच. चिलीची चेरी जहाजातून चीनला जाते. थेट जाणारं वेगवान जहाज असलं तरी तेवीस-चोवीस दिवस लागतात. तरीही फळ उतरतं तेव्हा देठ हिरवा असतो. आपली चेरी शोपियानहून ट्रकने तीन-चार दिवसांत वाशीला येते आणि त्यातली बरीचशी उघडताक्षणी थकलेली असते. तेवीस दिवसांचं फळ ताजं आणि चार दिवसांचं शिळं हे असं का होतं, या एका प्रश्नाच्या उत्तरात भारतातल्या चेरीचं भवितव्य आहे असं मी मानतो.

हापसाचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याला न सांगता कळतं. हापूस कच्चा उतरवून पेंढ्यात अढी लावली की पिकतो. चेरीला अढी नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. तोडल्यावर एक कणही वाढत नाही, उलट घटायला लागते. म्हणून ती पूर्ण पिकल्यावरच तोडावी लागते, आणि पूर्ण पिकलेलं, पातळ सालीचं, रसाने भरलेलं फळ तोडलं की घड्याळ सुरू होतं. वीस अंशांच्या हवेत चेरीचा श्वास शून्य अंशाच्या कितीतरी पट जोरात चालतो. जेवढा श्वास तेवढी साखर जळते, पाणी जातं, नरमाई येते. उपाय जगभर एकच आहे. तोडल्यापासून चारेक तासांच्या आत बर्फासारख्या थंड पाण्याने फळाच्या गरापर्यंत गारवा पोचवायचा आणि मग शून्य अंशाच्या आसपास, नव्वद-पंचाण्णव टक्के आर्द्रतेत ठेवायचं. आतली हवा बदलून धरणाऱ्या पिशव्यांत भरलं तर महिनाभर टिकतं. चिलीने झाडं लावली ती लावली, पण हे आधी पक्कं केलं.

आपल्याकडे काय होतं ते शोपियानच्या एका बागेत उभा राहून पाहिलं आहे. जूनचा दुसरा आठवडा होता. तोडणी सकाळी सातला सुरू झाली ती दुपारी दोनपर्यंत चालली. उंच जुनी झाडं, वीस-वीस फुटांची, शिडीवर चढून एकेक घोस देठासकट काढायचा. माणसं कुशल, हात हलका. तोडलेल्या टोपल्या अक्रोडाच्या सावलीत. तिथे घरातल्या बायका चटईवर बसून निवड करतात: फुटलेली वेगळी, जुळी वेगळी, बिनदेठाची वेगळी. मग खोकी भरायची. संध्याकाळी ती छोट्या गाडीने मंडीपर्यंत, रात्री ट्रकमध्ये. मी दुपारी एकला टोपलीत हात घातला, फळ कोमट लागलं. सकाळी साडेसातला तोडलेलं फळ संध्याकाळपर्यंत तसंच कोमट होतं. त्या बागायतदाराचा काही दोष नव्हता. गार पाण्याची सोय सर्वांत जवळ होती ती वीस किलोमीटरवर, आणि ती सफरचंदासाठी बांधलेली.

वाशीला त्याचं रूप असं दिसतं. पहाटे चारला खोका उघडतो. आधी वास घेतो: आंबूस असेल तर तळाचा थर गेला. मग देठ. देठ हिरवा आणि ताठ असेल तर माल चांगला, तपकिरी आणि सुतळीसारखा लोळत असेल तर पाणी आधीच गेलेलं आहे, कारण चेरी पहिल्यांदा देठातून सुकते. मग दोन बोटांत फळ फिरवतो. सालीवर लहान खळगे दिसतात, जणू कुणी टाचणीच्या डोक्याने दाबलंय. हे खळगे तोडताना किंवा खोक्यात ओतताना पडलेल्या माराचे असतात, पण दिसतात चार-पाच दिवसांनी. तिकडे भरताना माल निर्दोष दिसतो, इकडे उघडताना मार वर येतो, आणि बागायतदाराला वाटतं दलालाने भाव पाडायला खोट काढली. या एका गोष्टीवरून मी किती फोनवर किती वेळ बोललोय याला हिशेब नाही.

जातींबद्दल थोडं. मेच्या मध्याला येते ती 'अव्वल नंबर': लवकर येते एवढाच तिचा गुण, फळ मऊ. मग 'डबल', 'मखमली'. आणि जूनच्या मध्यापासून 'मिश्री', म्हणजे काश्मीरच्या चेरीची राणी. घट्ट, गोड, प्रवास सोसणारी. मुंबईला खरा पैसा मिश्रीतच होतो. पण मिश्रीचंही फळ साधारण वीस-बावीस मिलिमीटरचं. डिसेंबर-जानेवारीत चिलीची अठ्ठावीस मिलिमीटरची काळी-लाल चेरी मुंबईच्या गिऱ्हाइकाने पाहिली आहे, आणि जूनमध्येही तो तेच माप डोळ्यांत घेऊन येतो. चवीत मिश्री कुठे कमी नाही, माझ्या मते तर पुढे आहे, पण दुकानात माणूस आधी डोळ्यांनी विकत घेतो.

इथे झाडांचा प्रश्न येतो. खोऱ्यातल्या बागा जुन्या आहेत. बियांच्या रोपांवर बांधलेली कलमं, उंच वाढणारी, पूर्ण फळायला सात-आठ वर्षं घेणारी. बऱ्याच बागांत खोडातून डिंक गळण्याचा रोग आहे आणि झाडं हळूहळू वाळतात. हिमाचलमध्ये सिमल्याच्या वरच्या पट्ट्यात अलीकडे फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग आला आणि उभी झाडं उपटावी लागली. जगात आता कोल्ट, गिसेला यांसारख्या खुंटांवर, म्हणजे मुळाकडच्या झाडांवर, कलमं बांधतात. गिसेलावरचं झाड बुटकं राहतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं, जमिनीवर उभं राहून तोडता येतं. वर जाळी किंवा प्लॅस्टिकचं छप्परही घालता येतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण पिकत आलेल्या चेरीवर पाऊस पडला की फळ पाणी शोषतं आणि साल तडकते. एका दुपारच्या सरीत बाग जाते. वीस फुटी झाडावर छप्पर कुणी घालू शकत नाही.

जात निवडताना परागीभवनही पाहावं लागतं. चेरीच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी दुसरी जुळणारी जात हवी आणि फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांत मधमाशी उडायला ऊन हवं. एप्रिलमध्ये थंड पाऊस लागून राहिला की फुलं भरपूर आणि फळ तुरळक. स्टेला, लॅपिन्स या जाती स्वतःच्या परागावर फळतात म्हणून नव्या लागवडीत त्या घेतात. श्रीनगरजवळ रंगरेथच्या केंद्रीय समशीतोष्ण उद्यानविद्या संस्थेत आणि शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात यावर काम झालेलं आहे. दाट लागवडीसाठी सरकारी योजनाही आहेत. पण खोऱ्यात दाट लागवड म्हटलं की बागायतदार सफरचंद लावतो. त्याचं बरोबरही आहे. सफरचंद शीतगृहात महिनोन्‌महिने थांबतं, भाव पडला तर वाट बघता येते. चेरीला वाट बघणं माहीत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी म्हातारी चेरी काढून सफरचंद लावलं, आणि मी त्यांना नको म्हणू शकलो नाही.

हवामानाचं दुखणं वेगळं. मार्च २०२२मध्ये खोऱ्यात अवेळी उष्मा आला आणि फुलोरा लवकर सरकला. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गला बर्फ नव्हता, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. फुलोरा लवकर आला की मागून येणाऱ्या गारठ्यात आणि गारांत सापडतो. हे फक्त आपलं नाही. तुर्की हा जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक. एप्रिल २०२५च्या कडाक्यात तिथला फुलोरा जळला आणि त्यांचं पीक कोसळलं. अशा वर्षी दुसऱ्या कुणाचा तरी माल वर येतो, पण त्यावर धंदा बांधता येत नाही.

आता रस्ता. काश्मीरचा माल जम्मूकडे उतरतो तो रामबन-बनिहालच्या घाटातून, आणि तिथे दरड कोसळली की सगळं थांबतं. काही वर्षांपूर्वी माझा एक ट्रक तिथे तीन दिवस अडकला. सातव्या दिवशी वाशीला आला. मागचं दार उघडलं तेव्हा खोक्यांच्या तळातून लाल पाणी फाळक्यावरून ठिबकत होतं. अर्धा माल सरळ कचऱ्याच्या गाडीत गेला. उरलेला निवडून हातगाडीवाल्यांना दिला. बागायतदाराला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवायची तेव्हा आकडा लिहायला हात उचलत नव्हता. ते पैसे त्याच्या मुलीच्या लग्नाचे होते, हे मला आधीच माहीत होतं. विमानाने पाठवणाऱ्यांनाही खात्री नाही. मे २०२५मध्ये सीमेवरच्या तणावात श्रीनगरचा विमानतळ काही दिवस बंद राहिला, नेमकी पहिली तोडणी सुरू व्हायच्या वेळी.

म्हणून जून २०२५मध्ये जे झालं ते मला फार मोठं वाटतं. जम्मूजवळच्या कटऱ्याहून वांद्रे टर्मिनसला पार्सल डब्यातून सुमारे चोवीस टन चेरी आली. तीन-चार दिवसांच्या जागी दीड दिवस. त्याच आठवड्यात, ६ जूनला, चिनाबच्या पुलावरून खोरं रेल्वेने देशाला जोडलं गेलं. सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीला सफरचंदांची पार्सल गाडी सुरू झाली. म्हणजे पुढच्या हंगामांत चेरीला रामबनच्या घाटाची वाट बघावी लागणार नाही, अशी शक्यता पहिल्यांदाच उभी राहिली आहे. पण एक लक्षात ठेवा: पार्सल डबा म्हणजे शीतपेटी नव्हे. जूनमध्ये ती गाडी कोटा-रतलामच्या उन्हातून येते. बागेत गार केलेलं फळ असेल तर दीड दिवस निभावतं. कोमट फळ डब्यात घातलं तर दीड दिवसातही ते ओव्हनमध्ये ठेवल्यासारखंच. रेल्वेने प्रवासाचे तास वाचवले. तोडणीनंतरचे पहिले चार तास अजून कुणी वाचवलेले नाहीत.

मागणीची मला काळजी नाही. मुंबईत मिश्रीचा काळ सुंदर बसतो: हापूस जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो, पाऊस सुरू होतो, गिऱ्हाइकाचा हात मोकळा असतो आणि बाजारात लिची, जांभूळ सोडलं तर नवं काही नसतं. जूनचा मध्य ते जुलैचा पहिला पंधरवडा या चार आठवड्यांत चिलीचा माल नसतो, त्यांचा हंगाम आपल्या हिवाळ्यात. अमेरिकेचा येतो तो विमानभाडं आणि आयात शुल्क अंगावर घेऊन. पावसाने हातगाडीचा धंदा बसतो, पण घरपोच देणाऱ्या अॅपवाल्यांनी ती जागा भरून काढली आहे. ते पाव किलोचं, अर्ध्या किलोचं स्वच्छ डबडं मागतात. किलोचा खोका आता घरगुती गिऱ्हाइकाला जड वाटतो.

तरीही नुसती मागणी बघून लागवड वाढवायची नसते, हेही चिलीकडूनच शिकावं. त्यांची नव्वद टक्क्यांहून जास्त निर्यात एकट्या चीनला, तीही चिनी नववर्षाच्या सणाला धरून. २०२५चा सण २९ जानेवारीला, म्हणजे लवकर आला; माल विक्रमी, विकायचे दिवस कमी; भाव कोसळला. त्यातच तेराशेहून जास्त कंटेनर चेरी घेऊन निघालेलं एक जहाज इंजिन बिघडून समुद्रात अडकलं आणि सण उलटून गेल्यावर पोचलं. निर्यात सहा पट केलेल्या देशाच्या बागायतदारांनी त्या हंगामात डोक्याला हात लावला.

तर अंदाज विचारता म्हणून सांगतो. पुढच्या पाच वर्षांत भारताचं पीक टनांत फार वाढेल असं मला वाटत नाही. जुन्या बागा घटतील, नव्या खुंटावरच्या बागा हळूहळू त्यांची जागा घेतील, आकडा आजच्या आसपासच राहील. वाढेल ते विकण्याजोग्या मालाचं प्रमाण. आज दहा खोक्यांतून माझ्या हातात पहिल्या प्रतीची सहा-सात लागतात. ती नऊ झाली तर एकही झाड न लावता मुंबईची आवक तेवढी वाढली. दहा वर्षांचं म्हणाल तर दाट बागा आणि छपरं किती होतात त्यावर. तिथे मी आशा धरून आहे, पण आकडा सांगणार नाही.

आणि तुमचे पैसे. बागेत घालू नका, निदान आता तरी. झाडांचं ज्ञान तुमच्या मित्राला आहे, तुम्हाला नाही, आणि गारांचा धोका दोघांनाही पेलणार नाही. त्याऐवजी त्याच्या गावाजवळ थंड पाण्याने गार करण्याची छोटी सोय आणि दहा-पंधरा टनांची शीतखोली उभी करायला भागीदार व्हा. तिथे आजूबाजूच्या पंधरा-वीस बागायतदारांचाही माल गार होईल. जुलैनंतर तीच खोली नासपती आणि सफरचंदाला वापरता येते, म्हणून चेरीचे सहा आठवडे संपले की ती पडून राहत नाही. तोडणी पहाटे पाचला सुरू करून दहाला बंद करायची, हे करारात लिहून घ्या. मजूर कुरकुर करतील, त्यांना जादा द्या. प्रत्येक लॉटमध्ये एका खोक्यात तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवा. माल कुठे तापला हे त्यातून कळतं आणि भांडण मिटतं. बागायतदार, वाहतूकदार, दलाल, कुणावरही खोटा ठपका येत नाही. माझ्या गाळ्यावर गेल्या काही हंगामांत आम्ही हे सुरू केलं आणि ते खळग्यांचे फोन निम्म्याने कमी झाले.

पहिल्या वर्षी दोन-तीन टनांच्या वर जाऊ नका, आणि फक्त मिश्री घ्या. अव्वल नंबरच्या लवकरच्या भावाला भुलू नका. तो भाव तीन दिवस टिकतो, फळ दोन. पैसे द्यायच्या आधी जूनच्या मध्याला एकदा पहाटे चारला वाशीला या. गार करून आलेला एक खोका आणि कोमट भरलेला एक, दोन्ही एकाच गावचे, एकाच दिवशी तोडलेले, तुमच्यासमोर शेजारी शेजारी उघडतो. आधी देठ बघा, मग खा.